तांदळातली कर्बोदकं मोजण्याआधी: अँथ्रोन पद्धतीची तयारी

अँथ्रोन हे रसायन साखरेबरोबर हिरवा रंग देतं; रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. चिन्नोर, जय श्रीराम, एचएमटी आणि उकडा असे चार प्रकारचे तांदूळ घेणार असाल तर प्रत्येकी पाव किलो पुरे. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणताना माल जुना की नवा, हे विचारून तिथेच पिशवीवर लिहा. खडे निवडा, कागदावर ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि असंच करत वीस ग्रॅमवर या. मिक्सर थांबून थांबून फिरवा. पीठ तापलं की ओल उडते.

ओलावा सगळ्यांत आधी. पाच ग्रॅम पीठ १०५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. ही पायरी गाळायचा मोह होतोच. पण कच्च्या पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला साधारण ७८ ते ८० ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि वाणावाणांतला फरक इतका थोडा की मे महिन्यातलं कोरडं पीठ नि ऑगस्टमधलं सादळलेलं पीठ एवढ्यानेच तो पुसला जातो. तुलना कोरड्या वजनावरच करा.

आता स्टार्चचं ग्लुकोज करायला आम्ल. नळीत १०० मिलिग्रॅम पीठ, ५ मिली अडीच नॉर्मल तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल, तोंडावर काचेची गोटी आणि उकळत्या पाण्यात तीन तास. गार झाल्यावर सोडियम कार्बोनेट चिमटीचिमटीने टाका. एका नळीला पाऊण ग्रॅमच्या आत लागतं, पण एकदम ओतलं तर फेसाबरोबर नमुनाही बाहेर. मग पाण्याने १०० मिली करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, म्हणजे गाळ खाली बसेल.

इथे बहुतेकांचं फसतं. या द्रावात मिलीला ८७० मायक्रोग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं आणि प्रमाणरेषा (माहीत असलेल्या ग्लुकोजवरून काढलेली तुलनेची रेषा) १०० मायक्रोग्रॅमवर संपते. म्हणून १० मिली घेऊन पुन्हा १०० करा, त्यातलं अर्धा मिली वापरा. जास्तीचे फ्लास्क आदल्या दिवशीच धुऊन ठेवा.

बर्फही आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाच्या पाण्याने काही गार होत नाही. २०० मिलिग्रॅम अँथ्रोन १०० मिली थंडगार ९५ टक्के सल्फ्युरिक आम्लात, त्याच दिवशी. चष्मा हवाच. नमुना पाण्याने एक मिली करून त्यात ४ मिली अँथ्रोन, आठ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार, रंगमापकावर ६३० नॅनोमीटरला वाचन. ब्लँकच (नमुना न घातलेली नळी) हिरवा दिसला तर नळ्या टिश्यूने पुसल्यात का ते बघा: कागदाचा तंतूही सेल्युलोज, तोही रंग देतो.

ग्लुकोजला ०.९ ने गुणलं की स्टार्च. मूळ वजनावर ८७ टक्के आले तर हा गुणाकार राहिलाय.