मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि वेळ घरीच काढा

मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून आमच्या सोसायटीतली मुलांकडे अमेरिकेला निघालेली मंडळी तिकीट घेऊन माझ्याकडेच येतात. "बाई, विमानात नक्की किती तास बसायचं?" गुडघे दुखणाऱ्यांना आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हे आधी कळायलाच हवं.

अंतरासाठी भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. ती रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. जवळचा रस्ता तो नव्हे. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कला न्या आणि दोरा ताणा. ताणला की तो आपसूक उत्तरेकडे सरकतो: मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडा. दोन्ही शहरांशी दोरा चिमटीत पकडून उचला आणि विषुववृत्तावर ठेवा. साधारण 113 अंश भरतील. विषुववृत्तावरचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजार किलोमीटर येतात.

आता वेळ. मोठं विमान वर गेल्यावर ताशी 900 च्या आसपास उडतं, पण हिशेबाला 850 धरा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यासाठी अर्धा तास मिळवा. सव्वापंधरा तास होतात. हा कमीत कमी आकडा समजा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने लवकर उरकतो. शिवाय आकाशातले रस्ते बंद होतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि वळसे वाढले.

म्हणून तिकिटाशी ताळा घ्याच. त्यावरच्या दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या असतात. जुलैत मुंबईहून रात्री 1 ला निघून न्यूयॉर्कला त्याच सकाळी साडेसातला पोचणार असाल, तर साडेसातात साडेनऊ तास मिळवा: आपल्याकडे संध्याकाळचे 5. म्हणजे प्रवास 16 तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा, एरवी साडेदहाचा.

दुबईमार्गे जाणाऱ्यांना मोठा फेरा पडेल असं वाटतं. मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे 11,000 किलोमीटर. जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. वेळ जातो तो दुबईच्या विमानतळावर थांबण्यात, तेव्हा तिकीट काढताना तो थांबा नीट बघा. पाय मोकळे करायला दोन-तीन तास मिळाले तर मला ते सलग सोळा तासांपेक्षा बरं वाटतं.

हिशेब झाला की सगळे तास भारतीय वेळेत एका कागदावर मांडा, जेवण आणि गोळ्यांच्या वेळा समोर लिहा आणि निघण्याआधी तो कागद डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनची वेळ त्यांनाच ठरवू द्या.