जुनी पेट्रोमॅक्स बत्ती पेटवावी कशी आणि राखावी कशी

माळ्यावरून खाली काढलेली जुनी बत्ती पेटेना, की घरातले कोणीतरी हमखास पंप मारू लागते. उजेड मंद झाला तरी पंप, आणि ज्योत पिवळी होऊन भडकू लागली तरीही पंपच. प्रत्यक्षात दाब कमी असल्यामुळे होणारे बिघाड मोजकेच असतात. बहुतेक वेळा दोष तेलाच्या वाटेत किंवा अपुऱ्या तापवण्यात असतो, आणि अशा वेळी वाढवलेला दाब बत्ती सुधारण्याऐवजी न जळलेले रॉकेल वर छपराकडे उडवतो. म्हणून हातात पंप घेण्याआधी ही बत्ती चालते कशी, हे नीट समजून घ्यावे.

टाकीत रॉकेल आणि त्याच्यावर दाबलेली हवा असते. त्या दाबाने रॉकेल उभ्या नळीतून वर चढते. नळीचा वरचा भाग मॅन्टलच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीदार पिशवीच्या, अगदी जवळून जात असल्याने तो तापलेला राहतो आणि तेथे तेलाची वाफ होते. ही वाफ निपलच्या, म्हणजे नळीच्या टोकावरील तोटीच्या, केसाएवढ्या छिद्रातून जोराने सुटते, सुटताना बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून घेते, आणि ते मिश्रण चिनी मातीच्या तोंडातून मॅन्टलमध्ये उतरून निळ्या ज्योतीने जळते. आपल्याला दिसणारा उजेड मात्र ज्योतीचा नसतो. मॅन्टल तापून पांढरेशुभ्र होते, त्याचा तो उजेड असतो. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये मॅन्टलचे पेटंट घेतले आणि पुढे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण रूढ केले. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ या कंपनीने १९१० च्या सुमारास पेट्रोमॅक्स बाजारात आणली आणि तिच्या आराखड्यावर अनेक देशांत बत्त्या बनल्या. त्यामुळे एका बनावटीचे सुटे भाग दुसरीला पुष्कळदा बसतात, पण बसतीलच असे नाही, कारण आट्यांमध्ये थोडा फरक असतो.

गोव्यात विजेचे खांब गावोगावी पोहोचण्यापूर्वी दशावतारी काल्याच्या मंचापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे हीच बत्ती टांगलेली असे. पहिल्या पावसानंतर बेडूक पकडायला निघणाऱ्यांच्या हातातही तीच असे. बेडूक पकडणे आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा बत्तीचा तो उपयोग इतिहासजमा झाला असे समजावे. पावसाळ्यात वादळी रात्री झाड तारांवर पडून वीज गेली, की उघड्या सोप्यावर ती आजही चांगली उपयोगी पडते.

पेटवण्यापूर्वीची तपासणी

बरीच वर्षे पडून राहिलेली बत्ती आणल्याबरोबर पेटवू नये. प्रथम टाकी रिकामी करून तिच्यात थोडे स्वच्छ रॉकेल घालावे, हलवून ओतून टाकावे, आणि बाहेर पडणारे तेल निर्मळ दिसेपर्यंत हे करत राहावे. टाकीला चीर गेली असेल किंवा तिच्यावर नंतर कोणी डाख मारलेला असेल, तर ती बत्ती शोभेसाठी ठेवावी. दाबाखालच्या टाकीवर घरगुती डाख लावून तिच्यावर भरवसा ठेवण्याइतकी ही बत्ती दुर्मीळ नाही.

त्यानंतर पंप पाहावा. पंपाचा दांडा बाहेर काढला, की टोकाला वाटीच्या आकाराचा चामड्याचा वॉशर दिसतो. हा वॉशर सुकून आक्रसला असेल, तर दांडा सैल चालतो आणि टाकीत हवा जातच नाही. वॉशर तेलात भिजवावा, मऊ झाल्यावर त्याची कडा बोटांनी हलकेच बाहेर फाकवावी आणि मग तो नळकांड्यात फिरवत बसवावा. येथे आपल्याकडे खोबरेल तेल लावण्याची सवय आहे. ती सोडलेली बरी, कारण थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजते आणि काही काळाने चिकट होते. शिवणयंत्राचे तेल अधिक चांगले काम देते.

पंप मारून झाल्यावर दांडा आपोआप वर उचलला जात असेल, किंवा पंपाच्या तोंडाशी रॉकेल झिरपत असेल, तर पंपाच्या बुडाशी असलेली एकेरी झडप बिघडली आहे. तिच्यातील लहानसा रबरी तुकडा कडक झालेला असतो. तो बदलल्याशिवाय बत्ती पेटवू नये. शेवटी टाकीत थोडा दाब भरून झाकण, दाबमापक आणि नळीचे सांधे यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा जेथे येईल तेथील वॉशर बदलावा. सांधा पान्याने आवळून गळती थांबवण्याचा मोह टाळावा, कारण पितळेचे आटे एकदा मेले, की परत येत नाहीत. सुटे भाग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा एखाद्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात शोधायला जाताना जुना भाग सोबत न्यावा. अंदाजाने आणलेला वॉशर बहुधा परत करावा लागतो.

इंधन म्हणून केवळ स्वच्छ रॉकेल वापरावे. रेशनच्या रॉकेलमध्ये निळा रंग मिसळलेला असतो, आणि पर्याय असेल तर बिनरंगी रॉकेल घेणे नळीच्या आयुष्याच्या दृष्टीने हिताचे ठरते. रॉकेलमध्ये पाणी असल्यास ते जड असल्यामुळे डब्याच्या तळाशी बसते. म्हणून डबा काही वेळ स्थिर ठेवून वरचेच तेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओतावे आणि तळचे तसेच राहू द्यावे. पेट्रोल मात्र थेंबभरही मिसळू नये. साध्या हवेतही त्याची ज्वालाग्राही वाफ होते आणि अशी टाकी स्फोटाला कारण होऊ शकते.

मॅन्टल बांधणे आणि बत्ती पेटवणे

नवे मॅन्टल म्हणजे दोरी ओवलेली कापडी पिशवी असते. चिनी मातीच्या तोंडावरील खाचेत ती बसवून दोरी आवळावी, चुण्या सगळीकडे सारख्या पसरवाव्यात आणि दोरीची उरलेली टोके कापावीत. चुण्या एका बाजूला गोळा झाल्या, तर मॅन्टल तिरके फुगते आणि त्याचा एक गाल काचेच्या जवळ जातो. मग ते खालून, सर्व बाजूंनी सारखे पेटवावे. कापड जळून जाते आणि पांढऱ्या राखेचा एक सांगाडा उरतो. यापुढे त्याला बोट लावू नये. पहिले जाळणे उघड्यावर करावे आणि धूर अंगावर घेऊ नये. जुन्या पद्धतीच्या मॅन्टलमधील थोरियम किरणोत्सारी असते. त्याची तीव्रता अल्प असली, तरी तुटलेल्या मॅन्टलची भुकटी फुंकरीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून ती फेकून द्यावी आणि हात धुवावेत.

टाकी तीन चतुर्थांशच भरावी, कारण उरलेली जागा हवेसाठी लागते. बत्ती सपाट जागेवर ठेवावी आणि हवा सोडण्याचा स्क्रू मोकळा राहू द्यावा. नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट भरून ते पेटवावे. हे तापवणेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि घाई होते ती येथेच. स्पिरिट जळून संपत आले, की स्क्रू बंद करावा, दहा-पंधरा वेळा पंप मारावा आणि वाफेची वाट उघडणारे चक्र फिरवून उघडावे. नळी पुरेशी तापलेली असेल, तर सूं असा एकसारखा आवाज होऊन मॅन्टल उजळते. त्यानंतर दाबमापकाचा काटा तांबड्या खुणेपर्यंत येईल इतका पंप सावकाश मारावा. खुणेच्या पुढे जाण्यात काहीच लाभ नाही. काही नमुन्यांत स्पिरिटऐवजी टाकीतलेच रॉकेल फवारून नळी तापवणारी सोय असते. तेथे मात्र दाब आधी भरावा लागतो.

चक्र उघडल्यावर पिवळ्या ज्वाळा टोपीतून वर येऊ लागल्या, तर नळी थंड आहे आणि मॅन्टलमध्ये वाफेऐवजी कच्चे रॉकेल पडते आहे. अशा वेळी पंपाला हात लावू नये. स्क्रू सैल करून हवा सोडावी, आग आपोआप विझू द्यावी, बत्ती थंड होऊ द्यावी आणि तापवणे पुन्हा पहिल्यापासून करावे. पावसाळी वाऱ्यात वाटी दोनदा भरावी लागणे स्वाभाविक आहे. मात्र दुसऱ्यांदा स्पिरिट ओतण्यापूर्वी पहिली ज्योत पूर्ण विझलेली आणि वाटी निवलेली असली पाहिजे. नाहीतर ज्योत स्पिरिटच्या धारेवरून थेट बाटलीत शिरते.

बत्ती विझवण्यासाठी स्क्रू उघडून हवा सोडावी. जळत्या किंवा गरम बत्तीत रॉकेल भरू नये. जवळ वाळूची बादली असावी. सांडलेले रॉकेल पेटल्यास त्यावर पाणी मारू नये, कारण रॉकेल पाण्यावर तरंगत आग पसरवते. जुन्या कौलारू घरात हवा फटींतून खेळत असते, तर स्लॅबच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावल्या की ती कोंडते. बंद खोलीत ही बत्ती लावून कोणी झोपू नये, कारण जळताना ती हवेतील प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) किंवा सुकलेल्या झावळ्यांच्या मांडवात ती टांगू नये. टोपीच्या वर निघणारी उष्णता फार असते.

बिघाड कुठे आहे

दाब पुरेसा असूनही उजेड मंद असेल, तर निपल तुंबलेले असते. चक्र एक पूर्ण फेरा फिरवल्यावर आतील पिन छिद्रातून वर येऊन ते साफ करते, आणि अर्ध्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. उजेड लयीत कमी-जास्त होत असेल, तर तेलात पाणी आहे किंवा नळीत काजळी धरली आहे. काजळी धरलेली नळी खरवडण्यापेक्षा बदललेली बरी. निपल काढताना पिन आधी खाली उतरवून घ्यावी, अन्यथा ती छिद्रातच मोडते. मॅन्टलला छिद्र पडले असल्यास त्याच रात्री ते बदलावे, कारण त्यातून निघणारी तप्त धार काचेच्या एकाच ठिकाणी लागते आणि काच तडकते. गरम काचेवर पावसाचा शिंतोडा आला तरीही हाच परिणाम होतो.

५०० कॅंडल पॉवरची मोठी बत्ती एक लिटर रॉकेलवर सुमारे आठ तास चालते. तेल त्याहून बरेच लवकर संपत असेल, तर कोठेतरी गळती आहे.

पंप नसलेल्या, गोल वातीच्या आणि उंच चिमणीच्या मॅन्टल दिव्याची रीत वेगळी आहे. तो पेटवल्यानंतरही दहा-पंधरा मिनिटे आपोआप वाढत जातो, म्हणून वात सुरुवातीला कमीच ठेवावी. मॅन्टलवर काळे डाग उठले, तर वात खाली करून थांबावे. डाग जळून जातात. वात कात्रीने कापू नये, फक्त जळालेली कड पुसून सारखी करावी.

पावसाळा आणि साठवण

किनाऱ्याकडच्या खारट हवेत पितळ हिरवे पडते. नुसत्या पितळेला चिंच किंवा भिरंडाची (कोकमाची) साल चोळून लगेच स्वच्छ धुवावे आणि कोरडे करावे. आंबट पाणी आट्यांत राहू देऊ नये. निकेलचा मुलामा असलेल्या टाकीला आंबट काहीही लावू नये, मऊ फडके पुरते. बत्ती महिनोन्‌महिने ठेवायची असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करावी, वॉशरला तेलाचे बोट फिरवावे आणि स्क्रू सैल ठेवावा. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, कारण कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते आणि मग पुढच्या वर्षी सगळे ठाकठीक असूनही बत्ती फक्त पिवळी जळते. बोळ्याची दोरी बाहेर लोंबती ठेवावी, म्हणजे पेटवण्यापूर्वी तो काढायची आठवण राहते.