आजोबांच्या आठवणी लिहून काढायच्यात? मग आधी हे वाचा

वर्षश्राद्धाच्या आत आजोबांवर एक छोटी पुस्तिका काढायची असं आमच्याकडे दहाव्यालाच ठरलं, आणि नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात पडलं. बऱ्याच चुका करून जे कळलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा.

पहिलं म्हणजे फॅमिली ग्रुपवर "आजोबांच्या आठवणी पाठवा" असा मेसेज टाकू नका. मी टाकला. निम्म्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, बाकीच्यांनी लिहिलं की ते फार प्रेमळ, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल होते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतं ना, तेच. प्रश्न बारका विचारायचा आणि फोन करूनच विचारायचा. पैसे कुठे ठेवायचे, चिडले की काय करायचे, तुला एसटीला सोडायला आले होते का? हा शेवटचा विचारला आणि प्रत्येकजण एकच गोष्ट सांगायला लागला, की गाडी स्टँडात वळली की आजोबा धोतर सावरत पळायचे, ऊन कुठल्या बाजूने येणार ते बघून खिडकीतनं रुमाल टाकायचे आणि नातवंड बसलं की तो रुमाल परत घ्यायचेच नाहीत, राहू दे म्हणायचे, घाम पुसायला होतो. आत्याच्या कपाटात असे चार निघाले. झालं की एक पान!

खरा वैताग तारखांचा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली असते, अख्ख्या महाराष्ट्रातले आजोबा काय एकाच दिवशी जन्मले नाहीत. "साल कुठलं" असं म्हाताऱ्या माणसांना विचारून काही मिळत नाही, त्यापेक्षा घटना धरून विचारा. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, तिथे सगळं कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर असंच मोजतात, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. थोरल्या काकांचा जन्म कधीचा ते आजीला सांगता येईना, पण "भूकंपात ह्यो पोटात हुता" म्हटल्यावर लागला हिशोब. पुण्याकडचे असाल तर पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ. आणि आजोबा गिरणीत असतील तर १८ जानेवारी १९८२, संप सुरू झाला तो दिवस. अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आमचे आजोबा त्यातलेच, त्यानंतर ते मुंबईला परत गेलेच नाहीत.

रेकॉर्डिंग करताना आजीला खुर्चीत बसवून समोर मोबाईल धरायचा नाही, ती एकदम भाषणच करते. शेंगा फोडायला बसली की शेजारी बसा, फोन फ्लाइट मोडवर टाकून सुपाजवळ ठेवा, अर्ध्या तासात उठा. लिहिताना तिची बोली शुद्ध करू नका प्लीज.

फोटो अल्बमला चिकटले असतील तर ओढू नका, आहे तसाच खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून मोबाईलवर काढा. एका स्टुडिओवाल्याने आमचा लग्नाचा एकुलता एक फोटो सोडवताना कोपऱ्यातनं फाडला. कागदपत्रांत रेशनकार्ड, गिरणीचा पास, सातबारा, मनीऑर्डरच्या पावत्या, सगळं बघा. मोडीतलं काही निघालं तर रद्दीत टाकू नका, वाचणारे मिळतात. पिढ्यांची नावं अडली तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत मिळायची शक्यता असते, पण घरातलं कुणीतरी पूर्वी तिथे विधीला गेलेलं पाहिजे.

आणि वाईटही थोडं लिहा की. आजोबा तंबाखू लपवून खायचे आणि पत्त्यात चक्क चिटिंग करायचे, हे वाचून लहान पोरं जेवढी खूश झाली तेवढी बाकी कशानेच नाही.

छापायला टाकायच्या आधी आजीला एकदा पूर्ण वाचून दाखवा, पेन हातात घेऊन. आमच्या आजीने दुसऱ्याच पानावर अडवलं, आजोबांनी पहिल्या पगारातून ट्रंक घेतली असं मी मस्त रंगवून लिहिलं होतं. "कुणी सांगितलं तुला? ट्रंक म्या घेतली, भिशीच्या पैशातनं. ते लिव्ह आधी."