पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात आणि दोउरो नदीच्या खोऱ्यात खायला जाताय? मग आधी हे उरकून घ्या

तिकिटं काढायच्या आधी एक वही घ्या आणि त्यात तारखेप्रमाणे फक्त जेवणं लिहा, बघायच्या जागा नंतर. पोर्तोचं बोल्याओ मार्केट रविवारी बंद, बरीच छोटी हॉटेलं रविवारी नाहीतर सोमवारी बंद, दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचं साडेसातच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, आणि हे माहीत नसेल तर सहा दिवसांतले दोन दिवस सँडविचवर जातात. आमचे पहिल्या वेळी गेले होते, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो त्यामुळे तारखा ठरल्या की लगेच मागे लागा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा हवा.

तारखा ठरवताना काय खायचंय ते ठरवा. सार्डिन मासे जून ते सप्टेंबर छान चरबीदार असतात, 23 जूनच्या रात्री साओ जुआंवचा सण असतो तेव्हा गल्लोगल्ली शेगड्या लागतात आणि सगळं शहर धुराने आणि माशांच्या वासाने भरून जातं, फक्त 24 तारखेला सुट्टी, त्या दिवशी बरंच बंद सापडेल. द्राक्षतोडणी बघायची असेल तर सप्टेंबर, पण मग खोल्या खूप आधी भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दोउरोचं खोरं चाळिशीच्या आसपास तापतं आणि त्याच दिवशी पोर्तोत समुद्रावरून गार वारा येत असतो, म्हणून बॅगेत सुती कपडे आणि एक जाकीट दोन्ही ठेवा. बूट चांगल्या पकडीचे घ्या, पोर्तोच्या नदीकाठी रिबैरा भागातल्या उतारावरचे दगड पावसात फार घसरतात.

आता मुख्य बुकिंग, किंता. किंता म्हणजे द्राक्षमळा आणि वाइनरी एकत्र, तिथं न कळवता गेलात तर टेस्टिंग मिळेलच असं नाही, त्यामुळे दोन किंता आधी बुक करा, एका दिवसात दोनच, तिसऱ्या ठिकाणी जीभ काही ओळखत नाही. तोडणीच्या दिवसात काही ठिकाणी लगार, म्हणजे ग्रॅनाइटचे उथळ हौद, त्यात पाहुण्यांना द्राक्षं तुडवायला उतरू देतात, हवं असेल तर बुकिंग करतानाच विचारा आणि गुडघ्याच्या वर जाणारी जुनी चड्डी घ्या, डाग निघत नाहीत.

गाडी भाड्याने घ्यायची की नाही यावर घरात वाद होतो, माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि रस्ते वळणांचे, मग जो चालवणार त्याची सुट्टी वाया. साओ बेंतो नाहीतर कांपान्या स्टेशनवरून खोऱ्यातल्या पिन्याओ गावची ट्रेन घ्या, साधारण अडीच तास, जाताना उजव्या बाजूची खिडकी पकडा म्हणजे नदी दिसत राहते. पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवर तोडणीची निळी टाइल-चित्रं आहेत तीही बघा. ट्रेनचे संप अधूनमधून होतात, आदल्या रात्री वेळापत्रक तपासा, आणि राहायचं स्टेशनजवळ घ्या कारण तिकडे टॅक्सी पटकन मिळत नाही.

टेस्टिंगला रिकाम्या पोटी कधीच जाऊ नका. पोर्ट, म्हणजे इथली गोड वाइन, आंबत असतानाच तिच्यात द्राक्षांपासून गाळलेली कडक दारू घालतात, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं, गोड लागते म्हणून कळत नाही. पोर्टचे मुख्य दोन प्रकार, रुबी आणि टॉनी: रुबी मोठ्या टाक्यांत ठेवतात म्हणून फळाची चव आणि लाल रंग टिकतो, टॉनी लाकडी पिंपात हवा खात मुरते म्हणून सुक्या मेव्यासारखी लागते. पोर्तोसमोर नदीपलीकडच्या गाया शहरात, पूल ओलांडून, दोन्ही शेजारी शेजारी घेऊन बघा, दहा आणि वीस वर्षांची टॉनी एकत्र मागितली तर पैसे वसूल.

जेवणाची वाक्यं पाठ करून जा. "मेया दोज" म्हणजे अर्धी प्लेट, हे सगळ्यात कामाचं, कारण पूर्ण प्लेट बऱ्याचदा दोघांची असते. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं ते फुकट नसतं, नको असेल तर हात लावायच्या आधी परत पाठवा, बिलात येत नाही. पोर्तोशेजारच्या मातोझिन्योशला मेट्रोने जा, रस्त्यावरच कोळशावर मासे भाजतात, तिथं मासा किलोच्या भावाने असतो म्हणून आधी वजन करायला सांगा. फ्रांसेझिन्या हे शहराचं सँडविच, त्यात बीफ, हॅम, सॉसेज, वर वितळलेलं चीज आणि बिअर-टोमॅटोचा रस्सा, जे बीफ-पोर्क खात नाहीत त्यांनी ऑर्डर करायच्या आधी विचारा, काही ठिकाणी व्हेज असतं. काल्दु व्हेर्द हे पानांचं सूप शाकाहारी वाटतं पण वर सॉसेजची चकती असते, शाकाहारी लोकांसाठी "सोपा द लेगुमेश", म्हणजे भाज्यांचं सूप, विचारून घ्यायचं, त्यातही मटणाचं पाणी नाही ना ते विचारा.

पैशांचं थोडक्यात, मल्टिबांको लिहिलेल्या एटीएममधून काढा, मशीनने रुपयात बदलून देऊ का विचारलं तर नको म्हणा, आणि थोडी रोख जवळ ठेवा, छोट्या ठिकाणी परदेशी कार्ड चालत नाही.

आणि बॅग जाताना अर्धी रिकामी ठेवा. भारतात माणशी 2 लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात, त्या चेक-इनमध्येच, मोज्यांत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध. एक टॉनी घ्या, उघडल्यावर काही आठवडे छान राहते. व्हिंटेज, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, मात्र उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, ती चार लोक जेवायला येणार असतील त्या दिवसासाठीच आणा.