सीबीचा जुना अँटेना दहा मीटरवर आणताना या चुका टाळा

सीबीचा (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ पट्टा) 27 मेगाहर्ट्झ आणि हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, 28 ते 29.7 मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर सीबीचा उभा अँटेना सापडला की हात शिवशिवतात. पर्वरीच्या गच्चीवर मी हॅक्सॉ घेऊन सरळ 40 सेंटिमीटर कापले. पुरले असते 22. अँटेना 29.4 वर जाऊन बसला आणि गप्पा मारणारी मंडळी 28.4 च्या आसपास. शेवटी आतून बारीक नळी घालून तोच तुकडा परत जोडला.

आधी मोजा. आहे तसा उभा करून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे उत्तम) सगळ्यात कमी कुठे येतो ते बघा. त्या फ्रिक्वेन्सीला सध्याच्या लांबीने गुणा, हवी त्या फ्रिक्वेन्सीने भागा. अर्ध्या तरंगलांबीचा 5.26 मीटरचा अँटेना 27.2 वर लागत असेल तर 28.4 साठी साधारण 5.04 मीटर. आणि कापायचं कशाला? नळ्या एकमेकींत सरकतात, क्लिप ढिली करा. बारा मीटर बँडसाठी (24.9 मेगाहर्ट्झच्या आसपास) उलट लांबी वाढवावी लागते, तिथे नळी निदान 15 सेंटिमीटर आत राहू द्या, नाहीतर पहिल्याच वादळात शेजाऱ्याच्या माडावर सापडेल. खाली रेडियल (पायथ्यापासून बाजूंना पसरलेल्या काड्या) असतील तर तेही त्याच हिशेबाने आखूड करायचे. हे बहुतेक जण विसरतात.

दुसरी चूक म्हणजे अँटेना कठड्याला टेकवून जुळवणं. गोव्यात पावसासाठी निम्म्या गच्च्यांवर पत्रे असतात. पत्र्याशेजारी जुळवलेला अँटेना वर चढवला की आकडे बदलतात. जिथे राहणार तिथेच मोजा. चढवताना विजेच्या तारांपासून अँटेना आणि खांब मिळून जेवढी लांबी होते त्याहून जास्त अंतर ठेवा.

मल्टिमीटर लावल्यावर अँटेनाच्या कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरचं कवच शॉर्ट दिसलं म्हणून अँटेना टाकून देऊ नका. पायथ्याला कॉइल असलेल्या बऱ्याच अँटेनांत ते तसंच असतं, कॉइलमधून दोन्ही जोडलेले असतात.

खरा वैरी खारा वारा. वास्को-बोगमाळो पट्ट्यात ॲल्युमिनियमच्या सांध्यांवर पांढरी भुकटी धरते आणि लोक दोष कॉइलला देतात. वारा आला की एसडब्ल्यूआर नाचतो? सांधा. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस चढलेला राहतो? कनेक्टरमध्ये पाणी. सांधे सोडवून पॉलिश पेपरने घासा, स्टेनलेसच्या क्लिपा घाला (जीआयच्या एका पावसाळ्यात गंजतात), कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. केबल सोलून आतली जाळी काळी पडलेली दिसली तर अर्धा मीटर कापून परत बघा. तरीही काळी असेल तर भंगारात.

प्रसारण करायचं तर परवाना लागतो. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झवर 5 वॅटपर्यंत आपल्याकडे सूट आहे, पण अँटेना 28 वर आणला म्हणून ती सूट त्याच्याबरोबर येत नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट: खोलीत दिसणारा चांगला एसडब्ल्यूआर. जुनी केबल जाताना शक्ती खाते, परत येतानाही खाते, त्यामुळे मीटरला परतीचं फारसं काही दिसतच नाही. तपासायला वरचं टोक अँटेनापासून सोडवा आणि खाली ॲनालायझर (एसडब्ल्यूआर मोजायचं उपकरण) लावा, रेडिओ नको. निरोगी केबल असेल तर एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसायला हवा. 3 च्या आसपास दिसला तर केबल नुसत्या जातानाच जवळजवळ 3 डीबी, म्हणजे निम्मी शक्ती, गिळतेय. माझ्या 20 मीटर आरजी-58 ने (बारीक कोएक्स केबल) 3.2 दाखवला. नवी जाड केबल ओढली आणि 1.7 वरचा एसडब्ल्यूआर 2.3 वर गेला. त्या दिवशी वाढलेला आकडा बघून मी खूश झालो, कारण अँटेनाचं खरं दुखणं पहिल्यांदा दिसलं. कॉइलवरचा टॅप (केबल जिथे कॉइलला जोडते तो बिंदू) अर्धा वेढा खाली घेतला, 1.3 वर आला.