खांदा दुखतोय? हात ओढण्याआधी या चुका टाळा

चाळिशी उलटलेला माणूस खांदा धरून आला की निदानही सोबत घेऊनच येतो, "मॅडम, फ्रोझन शोल्डर आहे." कोणी सांगितलं? शेजाऱ्यांनी, मेव्हण्यांनी, कधी दवाखान्यातसुद्धा, खांद्याला हात न लावता. फिजिओथेरपी करताना सगळ्यात जास्त नुकसान मी या घाईनेच झालेलं पाहिलंय.

फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं वेष्टन आकसतं. त्यामुळे हात आपला आपल्याला उचलता येत नाही आणि दुसऱ्याने उचलला तरी जात नाही. रोटेटर कफचं दुखणं निराळं. दंडाच्या हाडाचं गोल डोकं खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात. त्यांना हाडाशी बांधणारे टेंडन बिघडले की स्वतः उचलताना कळ येते, पण कोणी आधार दिला की हात बराच वर जातो. मी आधी रुग्णाला उताणं झोपवते, कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात दुमडते आणि पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला नेते. तिथेच हात अडला तर वेष्टनाचा संशय. सांध्याच्या झिजेतही असंच अडतं, म्हणून एक्स-रे बघायचाच.

दूध घालणारे एक काका होते. पावसात मोटारसायकल घसरून उजव्या खांद्यावर पडले आणि दुसऱ्या दिवसापासून हात वर जाईना. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, मग "खांदा गोठलाय, कप्पी ओढा" असं सांगून त्यांना घरी पाठवलं गेलं. पाच महिने त्यांनी इमानाने दोरी ओढली. माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांचा हात धरून वर नेला. सहज कानाला लागला. "आता इथेच धरा" म्हणून सोडला, तर धपकन खाली. एमआरआयमध्ये टेंडन पूर्ण तुटून आत ओढला गेलेला, स्नायूत चरबी भरलेली. सर्जन म्हणाले, लवकर आले असते तर शिवणं खूप सोपं होतं. काका अजूनही किटली डाव्या हाताने उचलतात. मला तो हात विसरता येत नाही. पडल्यावर एकाएकी ताकद गेली असेल तर नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवा.

याच्या उलटी चूक म्हणजे न पडता, न धडपडता रिपोर्टमध्ये 'पार्शल टेअर', म्हणजे टेंडन अर्धवट फाटलाय, असं वाचून हात गळ्यात बांधून बसणं. साठीनंतर अजिबात न दुखणाऱ्या खांद्यातही अशा चिरा सापडतात. हाड तासून टेंडनला जागा करून देणाऱ्या शस्त्रक्रियेचीही घाई नको. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत काही रुग्णांच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बघितलं, हाड तासलंच नाही. त्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला.

टेंडनला भार लागतो, आणि वेळ. मी भिंतीवर पंजा दाबण्यापासून सुरुवात करते, मग अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली, मग रबरी बँड. व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं. किमान १२ आठवडे. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांना माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं काही आठवडे दबतं, टेंडन मजबूत होत नाही. ते घेऊन लगेच सिलिंडर उचलू नका. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा.

कोपराच्या खाली मुंग्या येत असतील तर मान तपासून घ्या. जिना चढताना डावा खांदा भरून येतो, घाम फुटतो, दम लागतो, असं असेल तर फिजिओकडे येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि रात्री दुखऱ्या कुशीवर झोपू नका. उताणं झोपा, दंडाखाली घडी घातलेली चादर ठेवा.