पाणीगळतीचा शोध रात्रीच्या प्रवाहापासून

पाणीपुरवठ्यात नव्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की लक्ष आधी खरेदीकडे वळते. वितरणात सोडलेल्या पाण्यापैकी किती पाणी ग्राहकापर्यंत पोहोचते, हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, तिने मात्र आधी तो हिशेब मांडावा. कंबोडियातील नोम पेन्हच्या पाणीपुरवठा संस्थेने १९९३ मध्ये सुमारे ७२ टक्के असलेले बिनहिशेबी पाणी २०१० पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आणले, ते सर्व जोडण्यांना मीटर बसवून, जुन्या वाहिन्या बदलून आणि रात्रंदिवस दुरुस्ती पथके सज्ज ठेवून.

प्रथम वाहिन्यांच्या जाळ्याचे साधारण ५०० ते ३,००० जोडण्यांचे भाग पाडावेत. प्रत्येक भागाच्या सीमेवरील व्हॉल्व्ह बंद करून पाणी शक्यतो एकाच वाहिनीतून आत घ्यावे आणि तिच्यावर प्रवाहमापक बसवावा. सीमेवरचा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात, म्हणून ही तपासणी घाईने उरकू नये.

त्यानंतर पहाटे २ ते ४ या वेळेतला प्रवाह नोंदवावा, कारण तेव्हा वापर सर्वांत कमी असतो आणि मापकातून जाणाऱ्या पाण्यात गळतीचाच वाटा मोठा असतो. समजा, १,५०० जोडण्यांच्या भागात पहाटे ताशी १८ घनमीटर पाणी जाते आणि त्यातले ३ घनमीटर खऱ्या वापराचे आहे. म्हणजे १५ घनमीटर गळते. याला सरळ २४ ने गुणू नये. रात्री दाब जास्त असल्याने गळतीही जास्त असते, त्यामुळे दिवसाचा अंदाज बांधताना बहुधा कमी गुणक घ्यावा लागतो. दाबाच्या नोंदींवरून तो २० निघाला, तर रोजची गळती ३ लाख लिटर होते. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर रात्री घरोघरच्या टाक्या भरत राहतात आणि तो प्रवाहही गळतीसारखा दिसतो. तिथे मोजणीपुरता त्या भागाला अखंड पुरवठा द्यावा.

दाब नियंत्रित करणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. दाब दहा टक्क्यांनी घटला तर गळतीही ढोबळमानाने तेवढीच घटते, शिवाय वाहिन्या फुटण्याचे प्रमाणही कमी होते. अर्थात, उंचावरच्या शेवटच्या घराला पुरेसा दाब मिळतो की नाही, हे तिथे मोजूनच दाब कमी करणारी झडप बसवावी.

रस्त्यावर उसळणारे पाणी लोक लगेच कळवतात. जमिनीखाली ताशी अर्धा घनमीटर गळणारा सांधा मात्र १८० दिवसांत २,१६० घनमीटर पाणी घालवतो. असे सांधे रात्री शांततेत व्हॉल्व्हला गळतीचा आवाज टिपणारे ध्वनियंत्र लावून शोधावेत. दुरुस्तीनंतर पहाटेचा प्रवाह पुन्हा मोजावा. तो उतरला नसेल तर शोध पुढे चालू ठेवावा, आणि एकाच पट्ट्यात वारंवार गळती आढळली तर ती वाहिनी बदलण्याच्या यादीत घ्यावी.